शंभर उंट आणि थर्ड पार्टी

नवं लायसन्स हातात आलेल्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स कुठला? गॅरेजवाला, आरटीओबाहेरचा एजंट, सेकंडहँड गाडी विकणारा, सगळ्यांचं उत्तरही ठरलेलं: "थर्ड पार्टी टाक, पोलिसांपुरतं काम होतं." आपल्या घरांमध्ये त्यात आणखी एक वाक्य मिसळतं. कुणीतरी वडीलधारे म्हणतात, "बीमा तो वैसे भी जायज़ नहीं, कानून है इसलिए ले लो।" या दोन वाक्यांमुळे विम्याची किंमत चौकातल्या हवालदाराला दाखवायच्या कागदाएवढी उरते. मग पहिली मुदत संपली की तो कागदही नवा होत नाही. आज देशातल्या निम्म्याच्या आसपास वाहनांचा विमा चालू नसतो आणि त्यात मोठा वाटा दुचाकींचा आहे, तो काही एकट्या गरिबीमुळे नाही. हा विमा मुळात कुणासाठी काढला जातो, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

विमा हा करार आहे. त्यात पहिला पक्ष गाडीचा मालक आणि दुसरा विमा कंपनी. तिसरा तो, ज्याने कुठेही सही केलेली नाही, हप्ता भरलेला नाही, आणि जो फक्त रस्त्यावरून चालला होता. "थर्ड पार्टी" म्हणजे तो. आपण ७००-८०० रुपये भरतो ते त्याच्यासाठी. आपल्या गाडीला ओरखडा पडला, ती चोरीला गेली, आपलाच पाय मोडला, तर या पॉलिसीतून आपल्याला दमडीही मिळत नाही. कायद्याने सक्ती केली आहे ती एवढ्याचीच. स्वतःच्या गाडीचा विमा काढायचा की नाही, हे सरकारने आपल्या मर्जीवर सोडलं आहे.

ही सक्ती आली इंग्लंडमधून. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी फिरवल्या जाणाऱ्या एका मोटारीखाली ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई सापडून मेली. मोटारीच्या धडकेने मेलेली ती ब्रिटनमधली पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत "अपघाती मृत्यू" असा निष्कर्ष निघाला, कुणावर खटला झाला नाही. पुढच्या तीस वर्षांत गाड्या वाढल्या आणि एक जुनीच अडचण नव्याने समोर आली. कोर्टात जाऊन नुकसानभरपाईचा निकाल मिळवता येतो, पण चालवणाऱ्याकडे पैसेच नसतील तर तो निकाल घेऊन करायचं काय? श्रीमंताच्या गाडीखाली मेलं तर घरच्यांना भरपाई, गरिबाच्या गाडीखाली मेलं तर काहीच नाही, असा तो प्रकार होता. अखेर ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ पासूनच लागू केली होती.

हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा होता, त्यात अशी सक्ती नव्हती. १९३९ चा कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात ती आली. पण मध्ये महायुद्ध आलं आणि हे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आलं १ जुलै १९४६ ला. म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या तेरा महिने आधी.

शाळेच्या किंवा विमा एजंटांच्या पुस्तकात इतिहास इथून सुरू होतो. मला मात्र त्याचं दुसरं टोक जास्त महत्त्वाचं वाटतं. चुकून माणूस मेला तर त्याच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न काही मोटारीने जन्माला घातलेला नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानात एका टोळीच्या माणसाकडून दुसऱ्या टोळीचा माणूस मेला की सूडाचं चक्र सुरू व्हायचं. त्यावर तोडगा म्हणून दियत होती, मेलेल्याच्या वारसांना द्यायची भरपाई. परंपरेने ती शंभर उंटांची ठरली. शंभर उंट एका माणसाकडे कुठून असणार? म्हणून ती त्याची टोळी मिळून भरायची. या भरणाऱ्या गटाला "आकिला" म्हणत. प्रेषित मुहंमद (स.) मदिनेला आल्यावर तिथल्या सगळ्या गटांमध्ये जो करार झाला, ज्याला आपण मीसाक-ए-मदिना म्हणतो, त्यात प्रत्येक गटाने आपापली दियत पूर्वीप्रमाणे एकत्र मिळून भरावी, असं गटांची नावं घेऊन लिहिलेलं आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठी वारसांना दियत देण्याचा आदेश आला. हुझैल टोळीतल्या दोन बायकांच्या भांडणाची हदीस प्रसिद्ध आहे. एकीने मारलेल्या दगडाने दुसरी आणि तिच्या पोटातलं बाळ दोघं दगावले. प्रेषितांनी बाईची दियत मारणारीच्या आकिलावर टाकली.

या व्यवस्थेचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. आकिला भरायची ती चुकीची दियत. जाणूनबुजून केलेल्या खुनाचा बोजा गटावर नाही, तो खुन्याचा स्वतःचा. रक्कम एकदम नव्हे, तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम इतकी लहान ठेवायची की कुणाचं घर बुडू नये; हनफी ग्रंथांत ती मोजक्या दिरहमांची सांगितली आहे. हजरत उमर (र.) यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही, म्हणजे दिवाण, सुरू केली, तेव्हा हनफी फकीहांनी त्या नोंदवहीतल्या सहकाऱ्यांनाच आकिला मानलं. रक्ताच्या नात्याऐवजी एका खात्यावर नाव असलेले लोक एकमेकांचा भार उचलू लागले. बाराव्या शतकात मरगिनानींनी 'हिदाया'त आणखी एक पाऊल टाकलं. लोक जर धंद्याच्या आधारे एकमेकांना मदत करत असतील, तर त्या धंद्यातले लोकच आकिला. म्हणजे गटाचा आधार कोणता, हे काळानुसार बदलू शकतं. भार वाटून घ्यायचा, हे मात्र कायम.

हे ग्रंथ हिंदुस्थानात केवळ मदरशांत वाचले जात नव्हते. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'त हे सगळे नियम आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती बंगालचा कारभार गेला, तेव्हा फौजदारी न्याय याच कायद्याने चालत होता. 'हिदाया'चं चार्ल्स हॅमिल्टनने केलेलं इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये छापलं गेलं, ते कंपनीच्या न्यायाधीशांच्या सोयीसाठीच. कंपनीला या कायद्यातली एक गोष्ट मुळीच पटत नव्हती. खुन्याला माफ करण्याचा किंवा दियत घेऊन सोडण्याचा वारसांचा हक्क. कॉर्नवॉलिसच्या काळात, १७९० नंतर, तो काढून घेतला गेला. १७९७ च्या नियमाने दियतीच्या जागी कैद आली. खुनाच्या बाबतीत कंपनीची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पैसेवाला पैसे मोजून सुटू शकत होता, आणि हा आक्षेप आजही दियत चालू असलेल्या देशांबद्दल घ्यावाच लागतो. पण त्या झपाट्यात चुकून मेलेल्या माणसाच्या बायकापोरांना मिळणारी भरपाईही गेली. दोषी तुरुंगात बसला, विधवेच्या हाती काही नाही. इंग्लंडच्या कायद्यातही तेव्हा मृत्यूची दिवाणी भरपाई नव्हती, ती १८४६ ला तिथे आली आणि इथे १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टने. अर्धशतकाहून जास्त काळ बंगालमध्ये या बाबतीत कायद्याची पाटी कोरी होती.

१८५५ च्या कायद्याने विधवेला हक्क दिला, पण पैसे कोण देणार याची सोय केली नाही. आकिला गेली होती, तिच्या जागी काही आलं नव्हतं. ती जागा भरायला १ जुलै १९४६ उजाडावा लागला.

मग मुसलमानांच्या घरात विम्याबद्दल एवढी अढी का? तिला कारण आहे. फकीहांसमोर विमा पहिल्यांदा आला तो युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजी विम्याच्या रूपात. दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी त्याची चर्चा "सौकरा" या नावाने केली आणि माल बुडाल्यावर अशी भरपाई घेणं मुस्लिम व्यापाऱ्याला नाकारलं. आक्षेप स्पष्ट होते: पैसे भरायचे पण काय मिळेल ते अनिश्चित (गरर), जुगाराशी साम्य, आणि जमा पैशावर व्याज. हे आक्षेप मनगढंत नव्हते, आजही त्यांच्यात दम आहे. १९६१ ला दमास्कसमधल्या फिक्ह परिषदेत मुस्तफा जरका या सीरियन विद्वानांनी विम्याची बाजू घेतली, तेव्हा आकिलाचा दाखला दिला. बहुमत त्यांच्या बाजूने गेलं नाही. १९८५ ला जेद्दाच्या फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाकारून सहकारी विम्याला मान्यता दिली, आणि त्यातून तकाफुलचा व्यवसाय सुदान, मलेशिया आणि आखातात वाढला.

हिंदुस्थानातली चर्चा वेगळ्या कारणाने पुढे गेली, आणि ते कारण कडू आहे. इथे प्रश्न मालाच्या जहाजांचा नव्हता, जळालेल्या दुकानांचा होता. नदवतुल उलमाच्या मजलिस-ए-तहकीकात-ए-शरिया या मंडळाने १९६५ मध्ये लखनौला बसून इथल्या परिस्थितीची गरज म्हणून विम्याला मुभा दिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्लामिक फिक्ह अकादमीने दंगलींच्या पार्श्वभूमीवर हाच विषय पुन्हा घेतला आणि जीव-मालमत्तेच्या विम्याला वाट करून दिली. कायद्याने सक्तीचा असलेला वाहन विमा घ्यायला तर बहुतेक दारुल इफ्ता हरकत घेत नाहीत. पण त्या फतव्यांचा सूर असतो मजबुरीचा. नाइलाज आहे म्हणून घ्या. माझं म्हणणं इथे वेगळं आहे. मी मुफ्ती नाही, इतिहासाचा वाचक म्हणून बोलतो. जीवन विम्याला जे आक्षेप लागू होतात ते थर्ड पार्टीला सगळ्यात कमी लागू होतात, कारण इथे भरणाऱ्याला काहीच परत मिळायचं नसतं. कंपनी व्यापारी आहे, तिचा पैसा व्याजात फिरतो, हे खरं. तरीही आपण भरलेली रक्कम आपल्या हातून चुकून मेलेल्या माणसाच्या मुलांना जाते. याला नाइलाज म्हणणं मला पटत नाही.

रुपयांत पाहू. समजा तीस वर्षांचा हमाल, महिना १२,००० रुपये कमावणारा, घरात बायको, दोन मुलं आणि आई. आपल्या चुकीने मोटरसायकलच्या धडकेत तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेला हिशेब असा: पुढे वाढणारं उत्पन्न म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १६,८००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. त्या वयाचा गुणक १७. एकूण २५,७०,४००, आणि अंत्यविधी वगैरेंची किरकोळ भर वेगळी. विमा असेल तर हे कंपनी देते. नसेल तर गाडीचा मालक. आरसी बुकावर बापाचं नाव असेल तर तो हुकूम बापाच्या घरावर आणि जमिनीवर बसतो. मालकाकडे काहीच नसेल तर हमालाच्या घरात तोच १९३० पूर्वीचा कोरा निकाल पोचतो. १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ पासूनच्या दराने ७१४ रुपये आहे. त्याने २५,७०,४०० ला भागून पाहा. बरोबर ३,६०० येतात. एका हमालाच्या मुलांसाठी एकमेकांना कधीही न भेटलेल्या ३,६०० जणांनी प्रत्येकी ७१४ रुपये काढले, हा आजचा आकिला. (जुन्या आकिलाचं एक बरं होतं, टोळीप्रमुख आणि मेंढपाळ दोघांना शंभरच उंट. आपलं न्यायाधिकरण पगारपत्रक मागतं. मात्र जुन्या फिक्हने बाईची दियत निम्मी धरली, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाला घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमाची महिना ३,००० रुपये किंमत करायला २००१ साल लागलं. तेव्हा दोन्हीकडे मिरवण्यासारखं फार नाही.)

आता नव्या चालकाचा प्रश्न, स्वस्त कुठे? ब्रिटनमध्ये नवशिक्या तरुणाला अव्वाच्या सव्वा हप्ता पडतो, कारण कंपनी त्याचं वय आणि अनुभव मोजते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्यावर नाही. काल लायसन्स काढलेला आणि तीस वर्षं चालवणारा, दोघांना तोच दर. याला इतिहास आहे. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या आणि दर एका समितीने ठरवायचे, अशी पद्धत होती. २००७ ला बाकीचे दर खुले झाले, थर्ड पार्टीचा मात्र सरकारने हातात ठेवला. आता तो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाशी सल्लामसलत करून जाहीर करतं. कंपन्या यावर कुरकुरतात, जुन्या दुचाकींना टाळतातही. पण दर खुला झाला असता तर आपल्या वस्तीतल्या अठरा-वीस वर्षांच्या डिलिव्हरी करणाऱ्या पोराला तो परवडला नसता, आणि ज्याच्या हातून अपघाताची शक्यता जास्त तोच विम्याबाहेर राहिला असता.

म्हणून थर्ड पार्टीसाठी दहा वेबसाइट धुंडाळण्यात अर्थ नाही, दर सगळीकडे एकच. ७५ सीसीपर्यंत ५३८, १५० पर्यंत ७१४, ३५० पर्यंत १,३६६, त्यावर २,८०४, जीएसटी वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. लोक पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण करतच नव्हते, त्यावरचा हा उपाय. १५० सीसीपर्यंतच्या गाडीला त्याचे ३,८५१ रुपये. शोरूमवाला दाखवतो तो मोठा आकडा बहुधा स्वतःच्या गाडीच्या विम्याचा, म्हणजे ओन डॅमेजचा, आणि त्यावर चढवलेल्या जोडण्यांचा असतो. घासाघीस करायची जागा तिथे आहे. तो भाग दुसऱ्या कंपनीकडून वेगळा घेता येतो, आणि क्लेम न केल्यास दुसऱ्या वर्षी त्यावर २० टक्क्यांपासून सूट सुरू होऊन पुढे ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नाही, मालकाची. गाडी विकली तरी ती आपल्याबरोबर येते, मात्र मुदत संपून ९० दिवस गेले की बुडते.

आपल्याकडे पहिली गाडी सहसा सेकंडहँडच असते, तिथे जास्त सांभाळावं. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप गेल्यासारखा धरला जातो, ओन डॅमेज नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. विकणाऱ्यानेही आरसीवरचं नाव बदलल्याशिवाय झोपू नये. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला स्पष्ट केलं आहे, आणि चाव्या देऊन दोन वर्षं झाली हे सांगून सुटका होत नाही.

लायसन्सचंही तसंच. वैध लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर कंपनीने आधी तिसऱ्या माणसाला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, ही वाट न्यायालयाने २००४ मध्ये पक्की केली. त्याच निकालात शिकाऊ लायसन्सही लायसन्सच धरलं गेलं. मित्राची गाडी मागून नेणारा मात्र स्वतः जखमी झाला तर तिसरा पक्ष ठरत नाही. तो मालकाच्या जागी उभा आहे, असं धरलं जातं.

आणि मागे बसणारा? थर्ड पार्टीच्या नावाने पैसे भरणाऱ्या बहुतेकांना वाटतं की डबलसीट बसलेली आई किंवा बहीण त्यात येते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या सक्तीच्या पॉलिसीत मागे बसलेला माणूस येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत तो येतो, असं नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. चालवणाऱ्या मालकासाठी २०१८ पासून १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे. सुरुवातीला त्याचा दर वर्षाला ७५० रुपये ठरला होता, आणि आधीच तेवढं संरक्षण असेल तर दुसऱ्या गाडीसाठी ते पुन्हा घ्यावं लागत नाही. एजंटाने पॉलिसी छापून हातात दिली की किंमत पाहून झाल्यावर आणखी दोन ओळी शोधा. एकीत मालक-चालकाचं संरक्षण लिहिलेलं असतं, दुसरीत मागे बसणाऱ्याचं. दुसरी ओळ रिकामी असेल, तर ती भरायला किती रुपये लागतील ते तिथेच काउंटरवर विचारा.